शब्दात उरलेला जुना माणूस

फिनिश भाषेत माणसाला ‘इह्मिनेन’ म्हणतात. त्याचे विशेषण मात्र ‘इन्हिमिल्लिनेन’. यातला ‘न’ जादा वाटतो, पण तो मागाहून आलेला नाही. नामातूनच तो गळला. मिकाएल आग्रिकोलाने १५४८ साली छापलेल्या फिनिश नव्या करारात मनुष्याचा पुत्र ‘इन्हिमिसेन पोइका’ असा येतो. शेजारच्या एस्टोनियनमध्ये माणूस आजही ‘इनिमेने’ आहे. तिथे ‘ह’ झडला, ‘न’ टिकला. फिनिश नाम रोजच्या वापरात झिजले, विशेषणाने जुने रूप जपले. ‘ओन्नी’ म्हणजे सुख आणि ‘ओन्नेल्लिनेन’ म्हणजे सुखी, तोच ‘-ल्लिनेन’ प्रत्यय इथेही आहे. सुरुवातीचा ‘इन’ पाहून लॅटिनचा नकार आठवेल, पण त्याचा इथे काही संबंध नाही. फिनिशमध्ये नकारासाठी ‘एपॅ’ लागतो: ‘एपॅइन्हिमिल्लिनेन’, म्हणजे अमानुष.

अर्थाची गंमत याहून मोठी. हिशेबात चूक झाली तर ती ‘इन्हिमिल्लिनेन’, आणि कैद्याला दयेने वागवले तर ती वागणूकही ‘इन्हिमिल्लिनेन’. आपण पहिलीला मानवी चूक म्हणतो, दुसरीला माणुसकीची वागणूक. फिनिश माणूस दोन्हीकडे एकच शब्द वापरतो. यात घोटाळा होत नाही, कारण पुढचे नाम अर्थ ठरवते. मला तर हे दोन अर्थ एकमेकांना धरून आहेत असे वाटते: जो चुकू शकतो, त्यालाच दयेची गरज पडते.

यावर कोणी म्हणेल, यात फिनिश असे काय आहे? लॅटिन ‘हुमानुस’मध्ये दोन्ही अर्थ होते, इंग्रजीत ‘ह्यूमन’ आणि ‘ह्यूमेन’ ही एकाच शब्दाची दोन रूपे पुढे वेगळी झाली, स्वीडिश ‘मेन्स्क्लिग’ही दुहेरी आहे, आणि फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या अमलाखाली होता. आक्षेप रास्त आहे. अर्थांची ही जोडी बाहेरून आली असेलही. पण त्यासाठी वापरलेले लाकूड घरचेच आहे. ‘हुमानी’ हा उसना शब्द फिनिशमध्ये रुळला आहे, तो दयाळूपणापुरता. चुकीला तो लागत नाही. युरोपीय मानवाधिकार कराराचे तिसरे कलम छळाबरोबर अमानुष वागणुकीलाही मनाई करते. फिनलंडने हा करार १९९० साली स्वीकारला, आणि त्याच्या फिनिश मजकुरात शब्द आहे तो ‘एपॅइन्हिमिल्लिनेन’च.