लाटेखालचा खडक

गोव्यात किंवा कारवारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना लाटेचे नावीन्य नाही. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील वाचकही सुटीच्या निमित्ताने कधी ना कधी समुद्र पाहून आलेले असतात. तथापि लाट पाहणे वेगळे आणि लाट ओळखणे वेगळे. आपण तिची उंची पाहतो, गर्जना ऐकतो. ती नेमकी तेथेच का फुटली, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. ज्यांचे प्राण या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात, अशा लोकांची आणि त्यांच्या एका विलक्षण लाटेची ओळख करून द्यावी, असा आमचा मानस आहे.

ही लाट अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, हाफ मून बे या गावाजवळ उठते. तेथील पिलर पॉइंट या भूशिरापुढे समुद्रात एक खडक बुडालेला आहे. त्यावर फुटणाऱ्या लाटेला ‘मॅव्हरिक्स’ म्हणतात. १९६१ साली काही मित्र सर्फिंगसाठी, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याच्या खेळासाठी, येथे आले. त्यांच्याबरोबरचा मॅव्हरिक नावाचा पांढरा कुत्रा त्यांच्यामागोमाग पोहत निघाला. समुद्र त्याला झेपणारा नव्हता, म्हणून त्याला परत नेऊन बांधून ठेवावे लागले. बाहेरच्या मोठ्या लाटेच्या वाटेस त्या मित्रांनीही जाण्याचे टाळले. नाव मात्र त्या कुत्र्याचे कायम झाले.

या लाटेचा जन्म किनाऱ्यापासून फार दूर होतो. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिक महासागरात प्रचंड वादळे होतात. तेथून निघालेल्या लाटांपैकी ज्यांच्या दोन माथ्यांमध्ये २० सेकंदांचे अंतर असते, त्यांची लांबी खोल समुद्रात सुमारे सव्वासहाशे मीटर भरते. अशा लाटांचा समूह ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने चालतो आणि तीन-चार हजार किलोमीटरांचा प्रवास अडीच-तीन दिवसांत पुरा करतो. भर समुद्रात त्या जहाजाखालून गेल्या, तरी पाण्याला संथ चढउतार आला एवढेच जाणवेल. परंतु लाटेचा प्रभाव तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचतो. म्हणजेच पाणी तीनशे मीटर खोल असतानाच या लाटांना तळ जाणवू लागतो.

पुढे जे घडते ते त्या खडकाच्या रचनेमुळे. ध्वनिलहरींच्या साहाय्याने सागरतळाचे जे नकाशे तयार झाले, त्यांत हा खडक उतरत्या घाटासारखा समुद्राकडे गेलेला आणि त्याच्या दोन्ही अंगांस खोल पाणी असल्याचे दिसते. उथळ पाण्यात लाट मंदावते, खोल पाण्यात वेगाने जाते. त्यामुळे लाटेचा मधला भाग खडकावर रेंगाळतो, दोन्ही बाजू पुढे धावतात आणि सारी शक्ती भिंगातून एकवटणाऱ्या किरणांप्रमाणे मध्यभागी गोळा होते. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट एवढीच खोली उरली, की ती फुटते. मंद उताराच्या वाळूवर ती हळूहळू फेसाळत कोसळते. येथे तळ एकाएकी वर येत असल्याने ती भिंतीसारखी उभी राहून पुढे झेपावते. अशा वेळी तिचा दर्शनी भाग १५ मीटरांहूनही उंच असतो. वाळूचा तळ प्रत्येक पावसाळ्यात बदलतो, खडक बदलत नाही. म्हणूनच अशी लाट पुनःपुन्हा त्याच जागी फुटते आणि तिचा अभ्यास करता येतो.

तो अभ्यास जेफ क्लार्क नावाच्या स्थानिक तरुणाने केला. १९७५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो प्रथम एकटाच या लाटेवर गेला. पुढील सुमारे पंधरा वर्षे त्याला सोबती मिळाला नाही. एवढी मोठी लाट हवाई बेटांतच असावयाची, अशी अनेकांची समजूत होती. एकट्याने जाणाऱ्यास हाक मारावयास कोणी नसते. म्हणून वारा कोणत्या दिशेचा आहे, ओहोटीने खडकावरचे पाणी किती उतरले आहे, बाजूची खोल पाण्याची वाट मोकळी आहे की नाही, हे सारे त्याला स्वतःच जोखावे लागे. जमिनीकडून येणारा मंद वारा लाटेचा दर्शनी भाग गुळगुळीत ठेवतो. समुद्रावरून येणारा वारा तो खडबडीत करतो. ओहोटीत लाट अधिक उभी आणि अधिक घातक होते.

एवढे जाणूनही धोका संपत नाही. २३ डिसेंबर १९९४ रोजी हवाईचे नामांकित सर्फर मार्क फू यांचा येथे मृत्यू झाला. त्यांचे वय ३६ होते. त्या दिवसाच्या मानाने त्यांची लाट विशेष मोठी नव्हती. मोठ्या लाटांचा त्यांचा अनुभव दांडगा होता, पण या खडकावरचा तो त्यांचा पहिलाच दिवस होता. मार्च २०११ मध्ये सायन मिलोस्की या दुसऱ्या हवाईवासी सर्फरचाही येथेच अंत झाला.

आणि किनाऱ्यावर उभे असलेले तरी सुरक्षित असतात काय? १३ फेब्रुवारी २०१० रोजी येथे स्पर्धा चालू असता लाटा अकस्मात बांध ओलांडून प्रेक्षकांत घुसल्या. अनेक जण जखमी झाले, काहींची हाडे मोडली. मोठ्या लाटा एकामागून एक समूहाने येतात आणि दोन समूहांमध्ये कित्येक मिनिटे समुद्र शांत भासतो. घात करते ती ही शांतता.

हे आपणही ध्यानात ठेवावयास हवे. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील वादळांच्या लाटाही अशाच दूरवरून, स्वच्छ उन्हाच्या दिवशी, भारताच्या किनाऱ्यावर येतात. केरळातील कोळी त्यांना ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. ३१ मार्च २०२४ रोजी त्यांनी केरळच्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी घरांत पाणी शिरविले. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशा लाटांची पूर्वसूचना देते. सहलीस निघण्यापूर्वी ती पाहण्यास क्षणभरही पुरतो.

हणजुणे, वागातोर येथील खडकांवर छायाचित्रासाठी उभे राहण्याची हौस आज घरोघरच्या मुलांना आहे. त्यांना रागावण्यापेक्षा एक सवय लावावी, असे आम्ही सुचवू. खडकावर पाऊल ठेवण्यापूर्वी वीस मिनिटे दूर थांबून समुद्र न्याहाळावा. जेथपर्यंत खडक ओला आहे तेथपर्यंत लाट येऊन गेली आहे आणि पुन्हा येणार आहे, असे समजावे. समुद्राकडे पाठ कधीही करू नये. क्लार्कने पंधरा वर्षे एकट्याने काढली आणि तो जिवंत परतत राहिला. त्याच्या धाडसाची चर्चा पुष्कळ होते; आपल्या मुलांनी घ्यावयाचे ते त्याचे निरीक्षण.