चुकलेल्या डायनोसॉरांचे राखणदार

दक्षिण लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेस पार्कच्या तळ्यात लहान बेटं आहेत. त्यांतल्या एका बेटावर इग्वानोडॉन या डायनोसॉरच्या पुतळ्यांची जोडी आहे. नाकावर गेंड्यासारखं शिंग, अंगानं बोजड. शिंग चुकीच्या जागी आहे. ते खरं तर हाताच्या अंगठ्याचं अणकुचीदार हाड. बेल्जियममधल्या बेर्निसार्टच्या कोळसा खाणीत १८७८ मध्ये सबंध सांगाडे सापडले, तेव्हा ही चूक पक्की कळली. तोवर पुतळे उभे राहून चोवीस वर्षं झाली होती.

ते घडवले बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे रिचर्ड ओवेन त्यांचे सल्लागार. तीसेक पुतळ्यांत खरे डायनोसॉर चारच; बाकीचे सागरी सरीसृप, उभयचर आणि प्राचीन सस्तन प्राणी. एका इग्वानोडॉनला किती सामान लागलं, याचा हिशेब हॉकिन्सनी स्वतः दिला आहे: लोखंडाचे ४ खांब, ६०० विटा, सांडपाण्याच्या नळासाठी वापरतात तशी ६५० अर्धगोल कौलं, ९०० साधी कौलं, सिमेंटची ३८ पिंपं आणि फोडलेल्या दगडाची ९०. म्हणजे हा प्राणी घरासारखाच बांधलेला आहे, आणि घरासारखाच तो गळतो, तडकतो. आतलं लोखंड गंजून फुगतं, वरचं सिमेंट फाकतं, फटीत बी पडून रोप उगवतं.

ज्या काचेच्या महालावरून उद्यानाला नाव मिळालं, तो १९३६ च्या नोव्हेंबरात जळून गेला. पुतळे मात्र राहिले.

याच हॉकिन्सनी पुढं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी असेच प्राणी करायला घेतले होते. १८७१ मध्ये माणसं पाठवून कार्यशाळेतले ते सगळे नमुने फोडून टाकण्यात आले. लंडनमधले टिकले, तरी त्यांचीही हेळसांड झालीच. २००७ मध्ये त्यांना वारशाचा सर्वोच्च, पहिल्या श्रेणीचा दर्जा मिळाला, पण दर्जा मिळाल्यानं तडे बुजत नाहीत.

२०१३ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ क्रिस्टल पॅलेस डायनोसॉर्स’ ही संस्था उभी राहिली. पुतळ्यांचा अभ्यास, माहिती सांगणं, पैसा उभारणं आणि बेटांवरची झाडोऱ्याची सफाई, हे काम स्वयंसेवक करतात. बेटावर जायला धड वाटच नव्हती. म्हणून लोकवर्गणी काढली, गिटारवादक स्लॅश यांनीही त्यासाठी आवाहन केलं, आणि २०२१ मध्ये फिरता पूल बसला. काम नसेल तेव्हा तो काठापासून वळवून ठेवता येतो. नासधूस करणाऱ्यांना वाट मिळत नाही. त्याआधी, २०२० मध्ये, मेगॅलोसॉरस या डायनोसॉरच्या पुतळ्याचा जबडा गळून पडला होता. त्याला नवा बसवला. फार पूर्वी नाहीशी झालेली पॅलिओथेरियम या प्राचीन सस्तन प्राण्याची मूर्ती २०२३ मध्ये नव्यानं घडवून उभी केली.

या कामातली खरी कसोटी मला वेगळीच वाटते. माणसांना मज्जाव असल्यामुळं बेटं पाखरांना सोयीची झाली आहेत. राखी बगळे, पाणकोंबड्या, वारकरी असे पक्षी तळ्यावर असतात. जी मुळं पुतळ्याला तडे पाडतात, तीच झुडपं पाखरांचा आडोसा. सगळं साफ करावं तर पाखरं बेघर होतात. सगळं वाढू द्यावं तर पुतळा जातो. वापरातलं घरटं मोडणं ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळं कोयता कधी चालवायचा हे विणीचा हंगाम ठरवतो. दुरुस्ती करणाऱ्यानं शिल्पाइतकीच घरट्याचीही माहिती ठेवावी, ही अपेक्षा मला फार मोलाची वाटते.

आणि ते शिंग? ते नाकावरच ठेवलं आहे, आणि ते योग्यच आहे. आजच्या ज्ञानानुसार पुतळा सुधारला असता, तर १८५४ सालच्या माणसांनी मूठभर हाडांवरून केवढी झेप घेतली, याचा पुरावाच पुसला गेला असता.

लंडनला गेलात तर अवश्य जा. उद्यानाला तिकीट नाही, क्रिस्टल पॅलेस स्थानकावरून चालत जाता येतं. फक्त कठड्याच्या अलीकडूनच पाहा. पलीकडं पुतळेही आहेत आणि घरटीही.