मनाला बसलेला धसका कसा ओसरतो?

१० जुलै २०२४ रोजी सकाळी ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र हिंगोली जिल्ह्यात होतं, पण धक्का नांदेड जिल्ह्यातही जाणवला. भोकर असो की औसा, मराठवाड्यात जमीन जराशी हलली तरी जुन्या माणसांच्या तोंडी किल्लारीच्या भूकंपाचं नाव येतं. एवढ्या वर्षांनीही का, याचं उत्तर मानसशास्त्रात सापडतं.

किल्लारीची पहाट

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपेत असताना पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार जीव गेले.

धसका म्हणजे काय?

प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, ती जागा टाळणं, खुट्ट झालं तरी दचकणं, झोप उडणं. ही लक्षणं महिन्याहून अधिक टिकली आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर त्याला आघातोत्तर ताण विकार म्हणतात. १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला आजारांच्या यादीत स्थान दिलं. किल्लारी परिसरातल्या वाचलेल्यांच्या तपासणीतही हा विकार आणि नैराश्य ठळकपणे आढळलं. ज्या छपराखाली माणसं गेली, तसल्याच छपराखाली झोपायला मन धजत नाही. धोका टळल्याचं बुद्धीला कळतं, शरीराला पटत नाही.

स्वभावाचा वाटा

मुळात चिंता करणाऱ्या माणसाला धसका लवकर बसतो. पण सगळा दोष स्वभावाला देता येत नाही. मानसशास्त्रज्ञ क्रिस ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी २००० साली अनेक अभ्यास एकत्र पडताळले, तेव्हा आघातानंतर आधार न मिळणं हे विकार जडण्याचं एक मोठं कारण ठरलं.

नात्याची गरज

मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार, हक्काचं माणूस जवळ असलं तरच लेकरू निर्धास्त होतं. किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. अशा मुलांना वह्या-पुस्तकांइतकीच रोज विचारपूस करणारी, न बदलणारी मोठी माणसं लागतात.

घरच्यांनी काय करावं?

मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, शेवटी पुन्हा माणसांत येणं. आपण बहुतेकदा पहिले दोन वगळतो आणि ‘झालं गेलं विसर’ म्हणतो. धसका काही फक्त भूकंपाचाच नसतो; कर्त्या शेतकऱ्याने आत्महत्या केलेल्या घरात तर त्याचं नावही काढलं जात नाही. त्या घरच्या बाईला बोलू द्यावं. खोदून विचारू नये, मध्येच तोडू नये, दोष तर मुळीच देऊ नये.

त्रास हटत नसेल तर ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. फोन लावायचा धीर होत नसेल, तर घरातल्या कुणीतरी तो लावून द्यावा. आधाराची सुरुवात तिथूनच होते.