कोकणाची उभी वाट

कोकण म्हटले म्हणजे नारळीपोफळीच्या बागा, पांढरी पुळण आणि शिडाच्या होड्या एवढेच चित्र ज्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते, त्यांना अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी नेऊन ‘आपण कोकणातच उभे आहोत’ असे सांगितले, तर ती थट्टा वाटण्याचा संभव आहे. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तिन्ही गावे सरकारी दप्तरात कोकण विभागात मोडतात, आणि निसर्गाची साक्षही दप्तराच्याच बाजूने आहे. पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस सह्याद्रीचा कडा, यांच्यामध्ये सापडलेला मुलूख तो कोकण. त्याला महाराष्ट्रात सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा लाभला आहे. रुंदी मात्र दक्षिणेस पन्नास किलोमीटरही भरत नाही, आणि उल्हास नदीच्या खोऱ्यात तेवढी ती शंभराच्या घरात जाते.

या प्रांताचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर, तो आडवा सोपा आणि उभा कठीण आहे. सह्याद्रीवर उगम पावणाऱ्या नद्या वेगाने धावत थोडक्यात समुद्र गाठतात, आणि मुखाशी भरतीचे पाणी आत शिरून त्यांच्या खाड्या होतात. वैतरणा, वसई, धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग आणि शेवटी गोव्याच्या हद्दीवरची तेरेखोल अशी ही मालिका आहे. खाडीतून गलबत आत जाई, खाडीच्या माथ्यावरील बंदरात माल उतरे, आणि बैलांच्या तांड्यांबरोबर तो घाट चढून देशावर पोहोचे. कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली हे घाट त्याच आडव्या वहिवाटीचे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाऊ म्हणणाऱ्याला मात्र दर मुक्कामाला एक खाडी आणि दोन डोंगर आडवे येत.

उल्हासचे खोरे हे या आडव्या वाटेचे सर्वांत प्रशस्त द्वार होय. ही नदी बोरघाटाच्या परिसरातील उतारांवरून निघून कर्जत, बदलापूर या बाजूने कल्याणला येते व पुढे खाडीरूपाने वसईजवळ समुद्रास मिळते. कल्याण हे प्राचीन बंदर ग्रीक प्रवासवृत्तालाही ठाऊक होते. त्या व्यापाराच्या वैभवावर उत्तर कोकणचे शिलाहार नांदले, आणि त्यांच्यापैकी मुम्मुणी राजाच्या कारकिर्दीत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी उभे राहिले. ज्या वालधुनीच्या काठी शिल्पकारांनी काळ्या पाषाणात एवढी नजाकत ओतली, तिच्यातच आपल्या पिढीने शहरांची गटारे आणि कारखान्यांचे सांडपाणी सोडावे, याची लाज बाळगण्याइतके भान आपल्याला अद्याप आलेले नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे.

आगगाडीनेही हेच द्वार निवडले. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास गेलेला लोहमार्ग पुढच्याच वर्षी कल्याणला आला, १८५६ मध्ये या खोऱ्यातून खोपोलीपर्यंत पोहोचला, आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून गेला. सपाट जमीन, बारमाही पाणी आणि दाराशी रेल्वे, या त्रयीमुळेच दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी पडली, फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासितांचा संसार मांडला गेला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नदीचेच नाव मिळाले. पुढे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने बारवी नदीवर धरण बांधून या पट्ट्याच्या कारखान्यांची तहान भागवली.

हवामानाविषयी लोकांचा असा समज असतो की, समुद्राजवळ तेवढा पाऊस अधिक. खरा हिशोब उलट आहे. जूनच्या पूर्वार्धात नैर्ऋत्येकडून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि तेथे रिते होतात. म्हणून किनाऱ्यावर वर्षाकाठी अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडत असता घाटमाथ्यावरील आंबोलीस त्याच्या दुपटीहून अधिक पडतो, आणि कडा ओलांडताच देशावर दुष्काळी तालुके सुरू होतात. माथ्यावरचे हे पाणी काही तासांतच खाली येते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासला पूर येऊन बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस सुमारे हजार प्रवाशांसह पाण्यात अडकली व त्यांना होड्यांनी बाहेर काढावे लागले, ते यामुळेच. उन्हाळ्यात समुद्रावरून येणारी झुळूक किनाऱ्यावरचा ताप सौम्य करते. बदलापूरपर्यंत येता येता ती इतकी क्षीण होते की, एप्रिलमध्ये येथील पारा मुंबईच्या कितीतरी वर चढतो.

आता उभ्या वाटेविषयी. आगबोटींच्या काळी मुंबईचा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून निघे. पावसाळ्यात तीही सोय बंद पडे. पुढे मुंबई-गोवा महामार्ग झाला. त्याच्या चौपदरीकरणास २०११ मध्ये आरंभ झाला, आणि त्याची रेंगाळलेली कथा कोकणी माणसाला नव्याने सांगण्याची गरज नाही. या प्रांताची उभी वाट खऱ्या अर्थाने उघडली ती २६ जानेवारी १९९८ रोजी, कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत अखंड वाहती झाली तेव्हा. नव्वदांहून अधिक बोगदे आणि रत्नागिरीजवळचा सुमारे ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल पाहिला म्हणजे, हे काम इतकी वर्षे का रखडले याचा उलगडा होतो.

अंबरनाथच्या वसाहतीत मालवणी, संगमेश्वरी बोलणारे कामगार पुष्कळ. त्यांना गावी जाण्यासाठी मुंबई गाठण्याचे कारण नाही. लोकलने दिवा स्थानकावर उतरून सावंतवाडीची गाडी धरता येते, किंवा शिळफाटा-तळोजा या रस्त्याने पनवेलला जाऊन तेथून लांब पल्ल्याची गाडी मिळते. नव्याने जाणाऱ्या वाचकाने मात्र पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक निराळे असते व गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो, हे ध्यानात ठेवावे, आणि शक्यतो दिवाळीनंतरच निघावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आकाश निरभ्र, रस्ते कोरडे आणि हवा प्रवासास अनुकूल असते.