वसईहून केव्हा निघावे?

समजा, वसईतील आपल्या शाळेच्या तीन विद्यार्थ्यांची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या प्रात्यक्षिक फेरीसाठी निवड झाली आहे. परीक्षेचे केंद्र दादरला, दिवस रविवार. मुलांनी सकाळी ९ वाजता केंद्रावर हजर व्हायचे आहे. साडेनऊनंतर कोणालाही आत घेतले जाणार नाही. एका पालकांनी आपली गाडी देऊ केली आहे आणि सोबत शिक्षक म्हणून आपल्याला जायचे आहे. आता प्रश्न एकच उरतो : वसईहून केव्हा निघावे?

शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न टाकला की चार उत्तरे मिळतात. एक जण म्हणतात, "दीड तास पुष्कळ झाला." दुसरे म्हणतात, "मागच्या वेळी आम्हाला तीन तास लागले होते." दोघेही खरे बोलत असतात. मग निर्णय कोणाच्या अनुभवावर घ्यायचा? सहावी-सातवीच्या गणितात शिकवलेल्या काळ, काम, वेग आणि सरासरी या गोष्टी इथे किती उपयोगी पडतात, ते आपण या लेखात पाहू.

आधी नकाशा पाहू

वसई आणि मुंबई यांच्यामध्ये वसईची खाडी आहे. उल्हास नदीचे पाणी या खाडीतून समुद्राला मिळते. रेल्वेने ही खाडी नायगाव आणि भाईंदर यांच्यामध्ये सरळ ओलांडली आहे. विरारहून मुंबईला पहिली लोकल गाडी १८६७ साली धावली. वसई रोड स्थानक चर्चगेटपासून सुमारे ५२ किलोमीटरवर आणि भाईंदर सुमारे ४३ किलोमीटरवर आहे. म्हणजे वसई रोड ते भाईंदर हे रेल्वेचे अंतर जेमतेम ९ किलोमीटर भरते.

रस्त्याने मात्र असे सरळ जाता येत नाही. आधी पूर्वेला राष्ट्रीय महामार्ग गाठायचा (पूर्वीचा क्रमांक ८, आताचा ४८), मग दक्षिणेकडे वळून घोडबंदरजवळच्या वरसावे पुलावरून खाडी ओलांडायची आणि काशिमिऱ्यावरून दहिसरला यायचे. वसईहून भाईंदरलाच गाडीने जायचे म्हटले तरी ९ किलोमीटरऐवजी तीस-पस्तीस किलोमीटरांचा वळसा पडतो. हा वळसा टाळण्यासाठी वसई-भाईंदर रो-रो बोटसेवा २०२४ साली सुरू झाली. परंतु बोटीने जाताना पहिली बोट केव्हा सुटते, ती चुकली तर दुसरी किती वेळाने आणि तिच्यात गाडीला जागा मिळेल का, हेही हिशेबात धरावे लागते.

या नकाशातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. महामार्गाने मुंबईकडे जाणारी वसई-विरारची जवळजवळ सर्व वाहने एकाच पुलावर येतात. गुजरातकडून येणारी वाहनेही तिथेच येतात. पूल ओलांडताच फाउंटन हॉटेलजवळ ठाण्याकडून येणारी घोडबंदर रस्त्याची वाहने त्यांना मिळतात. बाटलीला मान असते तशी ही या रस्त्याची मान आहे.

सरासरी वेगाची फसवणूक

एक सोपे उदाहरण घेऊ. २० किलोमीटर अंतर आपण ताशी ६० किलोमीटर वेगाने गेलो आणि पुढचे २० किलोमीटर ताशी २० किलोमीटर वेगाने. सरासरी वेग किती? वर्गात हा प्रश्न विचारला तर बहुतेक हात ४० म्हणून वर होतात. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्याला २० मिनिटे लागली आणि दुसऱ्याला ६० मिनिटे. एकूण ४० किलोमीटरांना ८० मिनिटे, म्हणजे सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर. संथ टप्प्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून सरासरीवर त्याचाच प्रभाव जास्त पडतो.

म्हणून सगळ्या प्रवासाला एकच वेग लावू नये. रस्त्याचे टप्पे पाडावेत. वसई रोड स्थानकाच्या परिसरातून निघालो असे धरून आम्ही ठोकळमानाने चार टप्पे केले आहेत. स्थानक ते महामार्ग ८ किलोमीटर, महामार्गावरून दहिसर २० किलोमीटर, दहिसर ते वांद्रे पश्चिम द्रुतगती मार्गाने २५ किलोमीटर आणि वांद्रे ते दादर ५ किलोमीटर. एकूण ५८ किलोमीटर. वाचकांनी आपल्या गावाप्रमाणे हे आकडे बदलून घ्यावेत.

आता प्रत्येक टप्प्याला वेग मानू.

रविवारी पहाटे : २४, ६०, ५० आणि २० किलोमीटर ताशी. वेळ अनुक्रमे २०, २०, ३० आणि १५ मिनिटे. एकूण ८५ मिनिटे.

कामाच्या दिवशी सकाळी ८ वाजता : १६, ४०, २० आणि १२ किलोमीटर ताशी. वेळ अनुक्रमे ३०, ३०, ७५ आणि २५ मिनिटे. एकूण १६० मिनिटे.

दीड तास म्हणणारे आणि तीन तास म्हणणारे, दोघेही खरे का बोलत होते ते इथे कळते. रस्ता एकच, पण वार आणि वेळ वेगळी.

उशीर झाला की चालकाला "जरा दाबा" असे सांगण्याची आपल्याला सवय असते. त्याचाही हिशेब करू. महामार्गाचे २० किलोमीटर ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरने गेलो तर २० मिनिटांची १५ होतात. वाचतात ५ मिनिटे. या पाच मिनिटांची किंमत काय? ब्रेक दाबल्यावर गाडी थांबेपर्यंत कापले जाणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ६० चा ८० झाला की हे अंतर १६/९ पट, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट होते. मागच्या आसनावर आपली तीन मुले बसली आहेत, हे विसरू नये. दुसरीकडे, दहिसर-वांद्रे टप्प्यात वेग ताशी २० चा २५ झाला तरी तब्बल १५ मिनिटे वाचतात. हा वेग चालकाच्या हातात नसतो, तो घरातून निघण्याच्या वेळेवर ठरतो. थोडक्यात, आपला खरा वेगवर्धक गाडीत नसून गजराच्या घड्याळात आहे.

पुलापाशी काय घडते?

कारण क्षुल्लक आणि रांग मात्र मैलभर, असे का होते? एका पदरातून वाहने एकामागून एक दोन सेकंदांच्या अंतराने जातात असे धरू. तासाला १८०० वाहने पार होतील. एका दिशेला दोन पदर असतील तर ३६००. तासाला ३००० वाहने येत असतील तर रांग लागण्याचे कारण नाही.

आता दुरुस्तीसाठी किंवा बंद पडलेल्या ट्रकमुळे एक पदर बंद झाला. येणारी वाहने ३०००, जाऊ शकणारी १८००. दर तासाला १२०० वाहने शिल्लक राहू लागली. तासाभरात दोन पदरांत प्रत्येकी ६०० वाहने साचली. प्रत्येक वाहनाला सात मीटर जागा धरली तर रांग ४.२ किलोमीटरची झाली. ट्रक जास्त असतील तर ती आणखी लांबेल. शेवटी येणाऱ्याला १२०० भागिले १८०० तास, म्हणजे ४० मिनिटे थांबावे लागेल.

खरी गंमत पुढे आहे. तासाभराने गर्दी ओसरली आणि तासाला १२०० च वाहने येऊ लागली असे समजू. पदर अजून बंदच आहे. रांग आता तासाला ६०० ने कमी होईल आणि पूर्ण संपायला दोन तास लागतील. गर्दी संपल्यावर एका तासाने पोचणारालाही २० मिनिटे थांबावे लागेल. मात्र गर्दी सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी येऊन गेलेला माणूस न थांबता पार होईल. 'गर्दी ओसरल्यावर निघू' यापेक्षा 'गर्दीच्या आधी निघू' हे शहाणपणाचे का, याचे हे गणिती कारण.

वसईकरांना हे गणित नवे नाही. जुन्या वरसावे पुलाच्या दुरुस्तीच्या काळात त्यांनी ते सोसले आहे. २०२३ साली शेजारी नवा पूल खुला झाला. नंतर २०२४ मध्ये महामार्गाच्या काँक्रीटीकरणाचे काम सुरू असताना पुन्हा रांगा लागल्या. मुंबईच्या वेशीवरील टोल ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना माफ झाला, त्यामुळे दहिसर नाक्यावर पैसे देण्यासाठी लागणारा वेळ वाचला. तरी एक मान रुंद केली की पाणी पुढच्या मानेपाशी तुंबते, हेही ध्यानात ठेवावे.

वर्गात हा प्रयोग करता येईल. अरुंद तोंडाच्या नरसाळ्यात मोहरी भरा आणि ती एका वाटीत पडू द्या. पहिल्या दहा सेकंदांत किती पडली ते मोजा. मग नरसाळे निम्मे रिकामे असताना पुन्हा मोजा. दोन्ही वेळी जवळजवळ सारखीच मोहरी पडते. वर ढीग वाढला म्हणून ती जास्त वेगाने पडत नाही. रांगेच्या मागून कर्णे वाजवल्याने पुढचा पूल रुंद होत नाही, ते मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

सरासरीवर विसंबावे का?

समजा, एका पालकांनी आपल्या दहा रविवारच्या प्रवासांची नोंद ठेवली आहे. मिनिटे अशी : ९५, ९८, १००, १००, १०२, १०४, १०५, ११०, ११५ आणि १७१. बेरीज ११००, सरासरी ११०. चढत्या क्रमाने मांडल्यावर मध्यावर येणारी किंमत १०३. सरासरी तिच्याहून सात मिनिटांनी मोठी आहे आणि त्याला कारण तो एकटा १७१.

प्रवासाच्या वेळा अशाच पसरतात. रस्ता कितीही मोकळा असला तरी ९० मिनिटांच्या खाली फारसे जाता येत नाही. वरच्या बाजूला मात्र मर्यादा नाही. त्यामुळे सरासरीएवढा वेळ हाताशी ठेवून निघालो तर दहापैकी दोनदा उशीर होईल. ११५ मिनिटे ठेवली तर एकदा.

दहापैकी एकदा उशीर चालेल का? नातेवाइकांकडे जेवायला जायचे असेल तर खुशाल चालेल. परीक्षेचे दार बंद होणार असेल तर नाही. तासभर आधी पोचलो तर मुले पायरीवर बसून डबा खातील, एवढेच. पाच मिनिटे उशिरा पोचलो तर वर्षाचे कष्ट दाराबाहेर राहतील. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून राखीव वेळही प्रत्येक कामासाठी सारखा नसतो.

आता फोन वेळ सांगतो, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. फोन रस्त्याची स्थिती चांगली सांगतो, त्याचा उपयोग अवश्य करावा. पण आदल्या रात्री तो सांगतो तो अंदाजच असतो आणि उशिराची किंमत त्याला ठाऊक नसते. ती आपणच ठरवायची.

उलट मोजणी

आता शेवटापासून मागे मोजू. हजेरी ९ वाजता. गाडी उभी करून केंद्र शोधायला १५ मिनिटे, म्हणजे पावणेनऊला दादर. पहाटेचा हिशेब ८५ मिनिटांचा होता, पण वरच्या नोंदीत सर्वांत कमी वेळ ९५ आहे. नोंद खरी मानून ११५ मिनिटे धरू, म्हणजे पाऊण वाजून नव्हे, ६ वाजून ५० मिनिटांनी चाके हलली पाहिजेत. आणि १७१ चा दिवस उजाडला तर? तेव्हा पोचू ९ वाजून ४१ मिनिटांनी, दार बंद झाल्यावर. म्हणून आणखी अर्धा तास मागे येऊ : ६ वाजून २० मिनिटे. मुलांना जमायला सांगायचे ६ वाजता. या वेळेला निघाल्यास तो वाईट दिवसही आपल्याला ९ वाजून ११ मिनिटांनी दादरला आणि साडेनऊच्या आत केंद्रावर पोचवतो.

याहून वाईट दिवसासाठी दोन ठिकाणी निर्णय ठरवून ठेवावा. पहिला, वसई सोडण्यापूर्वी. पुलापाशी मोठी रांग असल्याचे कळले तर गाडी तिथेच ठेवून वसई रोडहून लोकल धरायची. एकदा महामार्गावर रांगेत सापडलो की पूल ओलांडेपर्यंत सुटका नाही. दुसरा, बोरिवलीला. साडेसातपर्यंत बोरिवली आली नाही तर गाडीचा हट्ट सोडून मुलांसह लोकलने दादर गाठायचे. रविवारी रेल्वेचे ब्लॉक बहुधा सकाळी उशिरा सुरू होतात, तरी आदल्या दिवशीचे वेळापत्रक पाहून ठेवावे.

रविवारची एक जमेची बाजू आहे. सुटीसाठी मुंबईकर सकाळी उत्तरेकडे येतात आणि संध्याकाळी दक्षिणेकडे परततात. आपला प्रवास दोन्ही वेळा त्यांच्या उलट दिशेने आहे.

आणि काही दिवस असे असतात की कोणताच राखीव वेळ पुरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी न निघणे हेच बरोबर नियोजन.

पूर्वी वसईची शिडाची होडी भरती-ओहोटी पाहून निघत असे. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे नाखवा बोटांवर मोजत असे. महामार्गालाही भरती-ओहोटी आहे. ती चंद्राऐवजी कचेऱ्यांच्या वेळांवर चालते, इतकाच फरक. आपल्या वर्गातील मुलांना घर ते शाळा या प्रवासाच्या दहा दिवसांच्या नोंदी करायला सांगा. त्या चढत्या क्रमाने मांडा आणि विचारा : परीक्षेच्या दिवशी तू केव्हा निघशील? प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल, पण प्रत्येकाला आपल्या उत्तराचे कारण सांगता आले पाहिजे.