‘बनगरवाडी’ आणि तिचे वाचक : एका समकालीन कादंबरीचे ऐतिहासिक वाचन

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ मौज प्रकाशनाने १९५५ साली प्रसिद्ध केली, तेव्हा तिला ऐतिहासिक कादंबरी म्हणण्याचे काहीच कारण नव्हते. तीत ज्याची पार्श्वभूमी आहे ते औंध संस्थान विलीन होऊन अवघी सात वर्षे लोटली होती आणि माणदेशातील धनगरवाड्या आपापल्या जागी नांदत होत्या. आज त्या प्रकाशनास सत्तर वर्षे उलटून गेली आहेत. वॉल्टर स्कॉट याने १८१४ साली ‘वेव्हर्ली’ प्रसिद्ध करताना आपली कथा साठ वर्षांपूर्वीची असल्याचे उपशीर्षकातच सांगून टाकले होते, व तेव्हापासून साठ वर्षे हे ऐतिहासिक कादंबरीचे एक ढोबळ माप होऊन बसले. हे माप वस्तुतः कथाकाल आणि लेखनकाल यांतील अंतराचे आहे. वाचक मात्र ते आपल्या काळापासून मोजतो. अशा रीतीने ‘बनगरवाडी’ ही लेखकाने तशी न लिहिलेली, परंतु वाचकांच्या हातून तशी घडत गेलेली ऐतिहासिक कादंबरी होय. तिच्यासंबंधी आजवर व्यक्त झालेल्या मतांतील बराचसा विरोध या स्थित्यंतरातून उद्भवलेला आहे.

प्रारंभीच्या वाचकांपुढील प्रश्न वाङ्मयप्रकाराचा होता. राजाराम नावाचा तरुण मास्तर एका लहानशा धनगरवाडीवर शाळा चालविण्यासाठी येतो. म्हातारा कारभारी, आयबू, शेकू, आनंदा रामोशी अशी माणसे त्याला एकामागून एक भेटतात. वाडी श्रमदानाने तालीम उभारते. पुढे अवर्षण पडते, मेंढरे घेऊन माणसे पांगतात आणि मास्तरही निघून जातो. या आराखड्यात प्रचलित अर्थाने नायक नाही, नायिका नाही, उत्कर्षबिंदूकडे चढत जाणारे कथानक नाही. ‘माणदेशी माणसं’ हा व्यक्तिचित्रसंग्रह १९४९ साली येऊन गेलेला असल्यामुळे ही त्याच धाटणीची, एका सूत्रात ओवलेली चित्रे आहेत, असे म्हणणे सोपे होते, आणि ते म्हटलेही गेले. उलट पक्षाने उत्तर दिले की वाडी हीच येथे नायक आहे. हे उत्तर इतके वेळा परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून लिहिले गेले आहे की त्यातील आशय जवळजवळ झिजून गेला आहे. वाडी नायक आहे म्हणजे काय, हे सांगावयाचे तर वाडी कोणत्या कालमानाने जगते ते सांगितले पाहिजे. त्याकडे पुढे वळता येईल.

१९७० नंतर ग्रामीण व दलित साहित्याच्या चळवळींतून आलेल्या वाचकांचा आक्षेप निराळा होता. गावातील जातींची उतरंड, सावकारी, जमिनीची मालकी यांचे ताण या कादंबरीत मंदावलेले आहेत, आणि निवेदक मास्तर असल्याने त्याची सहानुभूती वरून खाली पाहणाऱ्याची आहे, असा त्याचा गाभा. आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो सर्वस्वी लागू पडत नाही. शेकूच्या बायकोने बैलाच्या जागी स्वतः जुवाला खांदा द्यावा, या प्रसंगात दारिद्र्याचे सौंदर्यीकरण शोधणाऱ्यास ते सापडणार नाही. तो प्रसंग कोरडेपणाने सांगितलेला आहे, आणि त्याची धार त्या कोरडेपणातच आहे.

तिसरे वाचन लोकधर्माच्या अभ्यासातून आले, आणि या लेखाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात दख्खनच्या पठारावरील मातृदेवतांची ठाणी आणि जुन्या वाटा यांचा संबंध दाखविला. ग्युंथर-डिट्झ सोन्थायमर यांचा बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा या देवतांवरील जर्मन ग्रंथ १९७६ साली निघाला व १९८९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये पंढरपूरच्या दैवताचे मूळ गवळी-धनगरांच्या परंपरेत शोधले. या ग्रंथांचे संस्कार घेऊन आलेल्या वाचकाला बनगरवाडी ही १९४० च्या सुमाराची वाडी उरत नाही. तिच्या घोंगड्या, तिची मेंढरे, तिची रात्र ही त्याला हजारो वर्षांच्या पशुपालक जीवनाचा जिवंत अवशेष वाटू लागतात. कादंबरी मग प्राचीन, वेदबाह्य ग्रामजीवनाचे साधन म्हणून वाचली जाते.

युरोपीय भाषांत अशा जीवनास जो शब्द लावतात, त्याचा इतिहास येथे लक्षात घेण्यासारखा आहे. ‘पेगन’ हा शब्द लॅटिन ‘पागानुस’वरून आला, व त्याचा मूळ अर्थ ‘पागुस’मध्ये, म्हणजे ग्रामविभागात, राहणारा इतकाच. ख्रिस्ती धर्म नगरांत स्थिरावल्यावर त्यास ‘धर्महीन’ हा अर्थ चिकटला. आपल्या ‘गावंढळ’ या शब्दाने धर्माची हद्द ओलांडली नाही, तथापि नगरवासी वाचकाची नजर दोहोंत सारखीच आहे. ती नजर कधी तुच्छतेची असते, कधी भक्तिभावाची. परंतु पाहिल्या जाणाऱ्या माणसाला ती दोन्ही वेळा दूर कुठेतरी उभे करते.

आता प्रत्यक्ष कादंबरीकडे पाहिले असता एक गोष्ट नजरेत भरते. ज्या लोकधर्माचे साधन म्हणून तिचे वाचन केले जाते, त्याला तीत मध्यवर्ती जागा नाही. धनगरी ओवीत बिरोबाचा जन्म, त्याचे वनातील वास्तव्य, सुरवंती मातेची कथा हे सारे गाऊन व मग गद्यात उलगडून रात्ररात्र चालते. कादंबरीच्या रचनेत त्यांतील काही मिसळलेले नाही. श्रद्धा आहेत, पण त्या बोलण्यातून ओझरत्या येतात, जशा त्या रोजच्या जगण्यात येतात. मास्तर त्यांची चिकित्सा करीत नाही आणि वाडीही त्या त्याला समजावून सांगत नाही. धनगरांच्या धर्माची माहिती हवी असलेल्या वाचकाने सोन्थायमर वाचावा हेच योग्य. कादंबरीचे मोल या मौनात आहे. कारण ज्याला आपला धर्म परक्याला समजावून द्यावा लागत नाही, त्याच्या जगण्याचे हे चित्र आहे.

येथे स्कॉटचा दाखला पुन्हा उपयोगी पडतो. जॉर्ज लुकाच याने ‘ऐतिहासिक कादंबरी’ (१९३७) या ग्रंथात स्कॉटचे नायक मुद्दाम मध्यम प्रतीचे असतात असे दाखविले आहे. एडवर्ड वेव्हर्ली हा इंग्रज तरुण स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील कुळांत जाऊन पडतो, दोन्ही जगांशी त्याचे नाते जडते आणि त्याच्या डोळ्यांनी वाचक मावळत्या समाजाचे दर्शन घेतो. राजाराम मास्तराची योजना तंतोतंत हीच आहे, मग ती माडगूळकरांनी जाणून केलेली असो वा नसो. तो शूर नाही, विद्वान नाही, बंडखोर नाही. संस्थानचा एक लहानसा नोकर आहे. चिनुआ अचेबे याच्या १९५८ च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत इग्बो समाजाच्या गावाची अशीच कथा आहे. पण तेथे परका माणूस शेवटी येतो, आणि त्या साऱ्या जीवनाला आपल्या भावी ग्रंथातील एखाद्या परिच्छेदाची जागा देण्याचा विचार करतो. अचेबेने वाचकाला दिलेला हा इशारा ‘बनगरवाडी’ला साधन मानणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावा.

सोलापुरात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. माण नदी सांगोला व मंगळवेढा या तालुक्यांतून वाहत येऊन पंढरपूर तालुक्यात भीमेस मिळते; माणदेशाचा पूर्व भाग याच जिल्ह्यात मोडतो. मंगळवेढा तालुक्यातील हुलजंती येथे दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेत बिरोबा आणि त्याचा शिष्य यांच्या पालख्यांची भेट होते, व मराठी आणि कानडी बोलणारे भाविक तेथे एकत्र येतात. या एकाच जिल्ह्याचे विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले आणि २०१९ साली त्यास धनगर कुळातील अहिल्यादेवी होळकरांचे नाव देण्यात आले. तेथील पदव्युत्तर वर्गात ‘बनगरवाडी’ वाचली जाते तेव्हा तिच्यातील जीवन ज्यांच्या आजोबांनी प्रत्यक्ष जगले, असा विद्यार्थी वर्गात असणे मुळीच असंभाव्य नाही. त्याला ती कादंबरी प्राचीन कशी वाटावी? वाघर कशी लावतात, शेतात मेंढरे बसवून खताच्या मोबदल्यात धान्य कसे ठरते, हे त्याने घरीच ऐकलेले असते. अशा वाचकाचे मत बहुधा तपशिलाच्या अचूकतेविषयी असते, आणि समीक्षेत त्याला ‘भाबडे’ म्हणून बाजूस सारण्याची सवय आहे. ती सवय सुटणे इष्ट.

त्या तपशिलांतील एक तालमीचा आहे. काही वाचकांना वाडीने तालीम बांधणे व तिच्यासाठी राजेसाहेबांनी येणे हा आदर्शवादी जोड वाटतो. परंतु औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे ख्यातनाम पुरस्कर्ते होते, आणि १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी प्रजेस स्वराज्याची घटना दिली, तीत ग्रामपंचायत हा पाया होता. अशा संस्थानात एखाद्या वाडीने तालीम उभारावी व राजाने तिकडे वाट वाकडी करावी, यात अशक्य काही नाही. म्हणजे कादंबरीतील खरा ऐतिहासिक अंश हजारो वर्षे जुना नाही. तो एका लहान संस्थानच्या शेवटच्या दशकाचा आहे. पुरातनाच्या शोधात निघालेल्या वाचकाच्या हातून नेमका हाच सुटतो.

राहता राहिला कादंबरीचा शेवट. नगरातील वाचक त्याला गावाचा अंत मानतात, आणि ऐतिहासिक कादंबरीच्या साच्याला ते सोयीचे आहे : वेव्हर्लीतील कुळे १७४६ च्या पराभवानंतर मोडली, अचेबेचे गाव परक्या सत्तेने मोडले, तशी बनगरवाडी दुष्काळाने मोडली. पण दुष्काळ ही परकी सत्ता नव्हे. सरासरीने पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी, पाऊस पडणाऱ्या मुलखात तो पुनःपुन्हा येतो, व त्याला तोंड देण्याची रीतही तितकीच जुनी आहे. माणदेशी माणूस तिला ‘जगायला जाणे’ म्हणतो. मेंढरे चाऱ्याच्या मुलखाकडे हाकलायची, तेथे रानात बसवायची, आणि मृगाचा सुमार पाहून परत फिरायचे, हे धनगराच्या वर्षाचे वळण आहे. अवर्षणात ते लवकर येते, लांबते, त्यात जनावरे व माणसे दगावतात, तरी वळण तेच. वाडी ज्या कालमानाने जगते ते हे. ओस पडलेली वाडी मास्तरला दिसते, कारण तो मागे राहिलेला आहे. पटावर मुले उरली नाहीत म्हणून त्याची शाळा बंद होते, आणि निवेदन त्याच्याबरोबर गावाबाहेर पडते. पाऊस पडल्यावर कोण परतले, कोणाची घरे पुन्हा शाकारली गेली, हे पाहण्यास तेथे निवेदक नाही.