रंग छपराला, गळतीला नव्हे

माझ्दा एमएक्स-५सारख्या कन्व्हर्टिबल (छप्पर दुमडता येणाऱ्या) मोटारीचं काळं कापडी छप्पर उन्हाने विटून राखाडी पडतं. ते रंगवलं की गळतीही थांबेल, असा समज होतो. स्वाभाविकच आहे, रंगवलेलं छप्पर नवंकोरं दिसतं.

पण विटलेली छत्री रंगवून तिची भोकं बुजत नाहीत. इथे पाणी मुख्यतः अडवतो तो दोन कापडांमधला रबराचा थर. तो फाटला किंवा शिवण उसवली, तर दुरुस्तीच हवी.

खरी मेहनत रंगाआधीची. शेवाळ, धूळ मऊ ब्रशने धुऊन छप्पर खडखडीत वाळवायचं, काच आणि पत्रा झाकायचा. मग रंगाचे पातळ हात, शिवणींत नीट जिरवत. तो सुकल्यावर जलरोधक (पाणी मुरू न देणारा) लेप वेगळा द्यायचा.

व्हिनाइलच्या छपरावर कापडाचा रंग वापरू नये. त्यात तो मुरत नाही.